बॅटरी उलटी लागली, फ्यूज उडाले: आता पुढे काय?

नागपूरच्या उन्हाळ्यात कारच्या बॅटऱ्या पटापट मान टाकतात. पारा 45 च्या पुढे गेला की बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात, आणि दोन-तीन वर्षं निमूट चाललेली बॅटरी नवतपातल्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, एखाद्या सकाळी सेल्फ उचलायला नकार देते. मग फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडलं जातं. कुणी नवी बॅटरी आणून स्वतःच बसवतो, कुणी शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर घेतो, आणि घाईत लाल तार मायनसवर जाते. मोठी ठिणगी, जळकट वास, आणि गाडी ठार बंद.

हा लेख त्या क्षणापासून पुढचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: उलट्या जोडणीने जेवढं बिघडतं, त्याहून जास्त पुढच्या अर्ध्या तासातल्या उत्साहात बिघडतं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घालणं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, 10 च्या जागी 30 चा फ्यूज खुपसणं, हे सगळं त्याच अर्ध्या तासात होतं.

आधी एक सूचना. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर इथेच थांबा. तिच्यातल्या केशरी तारा जास्त दाबाच्या असतात आणि तिच्या 12 व्होल्टच्या बॅटरीमागची यंत्रणाही निराळी असते. ती गाडी टोचन करून सर्व्हिस सेंटरला न्या. खालचं सगळं साध्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे.

आत नेमकं काय झालं

अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं जनित्र. त्याच्या पोटात डायोड असतात. ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात. बॅटरी सरळ असेल तेव्हा ते बॅटरीची वीज अडवून धरतात, उलटी लागली की तेच डायोड वाट मोकळी करून देतात आणि बॅटरीचे दोन्ही टोक जवळजवळ थेट एकमेकांना जोडले जातात. शेकडो अँपिअर धावायला लागतात. त्या वाटेवर मेन फ्यूज असतो, बहुतेक गाड्यांत 80, 100 किंवा 120 अँपिअरचा. तो क्षणात वितळतो आणि वाट तुटते. त्याचं काम त्याने केलं.

गाडीच्या कॉम्प्युटरमध्येही अशीच व्यवस्था असते. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये संरक्षणाचा एक डायोड असतो, तो उलटी वीज स्वतःवर ओढून घेतो आणि त्याच्या वाटेवरचा छोटा फ्यूज उडवतो. म्हणून उलट जोडणी क्षणभराचीच असेल तर बहुधा मेन फ्यूज आणि दोन-चार छोटे फ्यूज यांवर निभावतं. तार जास्त वेळ तशीच राहिली, किंवा मेन फ्यूज उडायला उशीर झाला, तर अल्टरनेटरचे डायोडही जातात.

लक्षणांवरूनही थोडं कळतं. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, सेंट्रल लॉक मुकं, हॉर्न मुका, तर संशय मेन फ्यूजवर. "लाइट लागून राहिले भाऊ, पण सेल्फ मारून नाही राहिली," असं असेल तर मोठ्या फ्यूजपैकी एखादा किंवा इग्निशनचा फ्यूज. गाडी सुरू झाली पण लाल बॅटरीचा दिवा विझत नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा फ्यूज.

पहिली पाच मिनिटं

चावी काढा. दिवे, पंखा, म्युझिक सिस्टिमची बटणं बंद करा. बॅटरी फुगलेली असेल, तडकली असेल, फसफस आवाज येत असेल किंवा हात जवळ नेला तरी धग लागत असेल, तर लांब व्हा आणि माणूस बोलवा. बॅटरीत गंधकाम्ल असतं आणि तिच्यातून हायड्रोजन निघतो. जवळ विडी-सिगारेट नको, डोळ्यांवर चष्मा हवा. आम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार सोडा आणि थेट डॉक्टर गाठा.

बॅटरी ठीक दिसत असेल तर तारा सोडवायच्या. नेहमीचा नियम "आधी मायनस" हा आहे, पण इथे तारा उलट्या लागल्यात, म्हणून तो नियम नीट समजून घ्यावा लागतो. आधी सुटते ती गाडीच्या बॉडीला गेलेली तार, मग ती आत्ता बॅटरीच्या कुठल्याही टर्मिनलवर असो. तारेच्या मागे मागे नजर न्या. जी दोन-अडीच वितीवर बॉडीच्या किंवा इंजिनच्या लोखंडाला बोल्टने कसलेली दिसते, ती ही. ती सुटली की दुसरी सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. बॅटरीच्या टोकांमध्ये सापडलेली अंगठी बोटावरच लाल होते.

दोन्ही तारा सुटल्या की त्यांच्या क्लॅम्पवर जुनं कापड गुंडाळून बाजूला करा. आता घाई संपली. दुपार असेल तर पुढचं काम संध्याकाळवर ढकला. मे महिन्यात नागपुरात बाराच्या उन्हात बोनेटखालच्या पान्यालाही हात लागत नाही, आणि भाजलेल्या हातातून नट फ्यूजबॉक्सच्या पोटात पडतो.

उलटी लागलीच कशी, हे आधी बघा

नवी बॅटरी आणली असेल तर तिच्या नंबराच्या शेवटी एल किंवा आर आहे का बघा. दोन्ही प्रकार सारख्याच आकाराचे असतात, टर्मिनलच्या जागा मात्र उलट. चुकीचा प्रकार आणला की प्लसची तार प्लसपर्यंत पोचत नाही, समोर आलेल्या मायनसवर मात्र आरामात बसते. तार ओढूनताणून पोचवायला लागतेय असं वाटलं की बॅटरी परत करा.

दुसरी खूण बोटांना कळते. बॅटरीचं प्लसचं टर्मिनल मायनसपेक्षा किंचित जाड असतं. त्यामुळे उलट लावताना एक क्लॅम्प ढिला राहतो आणि दुसरा ठोकल्याशिवाय बसत नाही. क्लॅम्पवर हातोडी मारायची वेळ आली तर शंभरातल्या नव्वद वेळा तारा उलट्या आहेत असं समजा. जुन्या बॅटरीवर पांढरा खार साचून प्लस-मायनसच्या खुणा झाकल्या जातात. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने खार काढा, खुणा वाचा. तारांच्या रंगावर विसंबू नका. जुन्या गाड्यांत दोन्ही तारा काळ्या सापडतात.

मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) 20 व्होल्ट डीसीवर ठेवून लाल काडी प्लसवर, काळी मायनसवर लावा. 12.4 ते 12.7 दिसलं तर बॅटरी कामाची. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं आणि काड्या बरोबर जागी आहेत, तर बॅटरीच उलटी चार्ज झालेली आहे. असं क्वचित होतं, पण झालं तर ती गाडीत घालू नका.

मेन फ्यूज

तो दोनपैकी एका जागी सापडतो: बॅटरीच्या प्लस क्लॅम्पवरच बसवलेल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात, किंवा बोनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये. आधी फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजी आद्याक्षरांचा नकाशा असतो. एएलटी म्हणजे अल्टरनेटर, ईपीएस म्हणजे स्टीअरिंगची मोटर, आयजी म्हणजे इग्निशन. नकाशा पुसला असेल तर गाडीच्या पुस्तिकेत तोच असतो.

मेन फ्यूजला वरून छोटी पारदर्शक खिडकी असते. आतली पट्टी मधोमध तुटलेली, कडा वितळून गोल झालेल्या, खिडकीवर आतून काळपट धूर, हे दिसलं की गेला. पण साबूत दिसणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकांना काड्या लावा. आवाज आला तर ठीक. ही तपासणी बॅटरी सुटलेली असतानाच करायची, आणि शंका वाटली तर फ्यूज बाहेर काढून.

नवशिके सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. छोटे फ्यूज चिमट्याने ओढून निघतात, मेन फ्यूज तसा निघत नाही. तो बोल्टने कसलेला असतो, आणि कित्येक गाड्यांत बोल्ट बॉक्सच्या बाजूला किंवा खाली असतो, वरून दिसतच नाही. पक्कड लावून हिसका दिला की फ्यूजचं डोकं हातात येतं आणि पाय आत राहतात. बॉक्सच्या कडेच्या खिट्या दाबून तो उचला, बोल्ट शोधा, मगच सोडवा. काही गाड्यांत पाच-सहा मोठ्या फ्यूजची एकच अखंड पट्टी असते, ती पूर्णच बदलावी लागते. हा माल साध्या बॅटरीवाल्याकडे मिळेलच असं नाही. जुना फ्यूज आणि गाडीचं मॉडेल, साल घेऊन कंपनीच्या स्पेअर काउंटरवर जा. तिथे "ऐंशीचा नाही, शंभरचा चालेल" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

नवा फ्यूज घातल्यावर थेट बॅटरी जोडू नका

घरातल्या वायरिंगची सिरीज लॅम्पवर टेस्टिंग करताना इलेक्ट्रिशियनला पाहिलं असेल. गाडीतही तेच करायचं, आणि मला विचाराल तर सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटं आहेत. 12 व्होल्ट, 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, एक होल्डर आणि दोन तारा, एवढंच सामान.

प्लसचा क्लॅम्प बॅटरीच्या प्लसवर नीट कसा. मायनसचा क्लॅम्प टर्मिनलवर ठेवायचा नाही. बल्बची एक तार मायनस टर्मिनलला, दुसरी मायनसच्या क्लॅम्पला. म्हणजे गाडीत जाणारी सगळी वीज या बल्बमधून जाणार. 21 वॉटच्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वीज जातच नाही, त्यामुळे आत शॉर्ट शिल्लक असला तरी नवा मेन फ्यूज जळत नाही. दारं बंद असू द्या, चावी खिशात ठेवा. वीज आल्यावर काही गाड्या आपोआप लॉक होतात.

आता बल्बकडे बघा. सुरुवातीला पेटला आणि मिनिट-दोन मिनिटांत मंद होत विझला, तर उत्तम. गाडीचे कॉम्प्युटर जागे होऊन पुन्हा झोपले. अजिबात पेटला नाही तर बहुधा जोडणी लागली नाही किंवा एखादा मोठा फ्यूज अजून तुटका आहे. लख्ख पेटला आणि तसाच राहिला, तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे, आणि बहुतेक वेळा तो अल्टरनेटरच्या डायोडमध्ये असतो. अशा वेळी अल्टरनेटरच्या मागची रबरी टोपीखालची जाड तार बॅटरी सोडवून काढतात, टेप गुंडाळून वेगळी ठेवतात, आणि पुन्हा बल्ब लावून बघतात. विझला तर चोर सापडला. हात तिथपर्यंत पोचत नसेल तर इथे वायरिंगवाल्याला बोलवा. बल्बचा निकाल त्याला सांगितलात तर त्याचा अर्धा वेळ वाचतो. बल्ब लावलेला असताना चावी फिरवू नका.

छोटे फ्यूज

बल्बने हिरवा कंदील दिला की बॅटरीची बॉडीकडची तार पुन्हा मोकळी ठेवून छोट्या फ्यूजकडे वळा. एक बॉक्स बोनेटखाली, दुसरा डॅशबोर्डखाली, बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी. डॅशबोर्डखाली हात घालण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली राहते. पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही.

फ्यूज काढायचा पांढरा प्लॅस्टिकचा चिमटा बहुतेकदा बॉक्सच्या झाकणातच अडकवलेला असतो. एका वेळी एकच फ्यूज काढा, उजेडात धरून बघा, बझरवर तपासा, चांगला असेल तर त्याच खाचेत परत. चार-पाच एकदम काढून टॉवेलवर मांडले की कोणता कुठला यावरून संध्याकाळ जाते. नकाशातल्या काही खाचा रिकाम्याही असतात. रिकामी खाच म्हणजे हरवलेला फ्यूज नव्हे, त्या मॉडेलला ती सोय दिलेली नसते.

आकडा फ्यूजच्या डोक्यावर छापलेला असतो, रंग त्याच्या मदतीला. चपट्या पात्यांच्या फ्यूजमध्ये 5 फिकट तपकिरी, 7.5 चॉकलेटी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा किंवा पारदर्शक, 30 हिरवा, 40 केशरी. पण डब्यासारख्या चौकोनी मोठ्या फ्यूजचे रंग निराळे: त्यात 30 गुलाबी असतो आणि हिरवा म्हणजे 40. म्हणून रंगावर खरेदी करू नका, आकडा वाचा. आकारही तीन-चार प्रकारचे असतात. मिनी आणि आखूड पायांचा मिनी वरून सारखेच दिसतात, जुना सोबत नेल्याशिवाय कळत नाही.

त्याच आकड्याचा फ्यूज का, हे एकदा लक्षात घ्या. फ्यूज दिव्याला किंवा पंख्याला वाचवायला नसतो, तिथपर्यंत जाणाऱ्या तारेला वाचवायला असतो. 10 च्या वाटेवरची तार 10 च्या हिशोबाने बारीक घातलेली असते. तिथे 30 चा फ्यूज घातला तर बिघाडाच्या वेळी फ्यूजऐवजी तार तापते, तिचं आवरण वितळतं, आणि ती तार डॅशबोर्डमागे इतर वीसेक तारांच्या जुडग्यात असते. खूपच अडलात तर कमी आकड्याचा फ्यूज तात्पुरता घालता येतो, फार तर उडेल. जास्तीचा कधीच नाही. स्वस्तातल्या शंभर नगांच्या डब्यांपासूनही जपून राहा. त्यातल्या काहींची पट्टी छापलेल्या आकड्याच्या मानाने जाड असते आणि वेळेवर वितळत नाही.

जोडणी आणि पहिली सुरुवात

प्लस आधी, बॉडीची तार शेवटी. शेवटच्या तारेला बारीकशी ठिणगी पडते, ती नेहमीची. मोठी पडली तर लगेच तार बाजूला. क्लॅम्प हाताने फिरत नाही इतका कसा, पण टर्मिनल शिशाचं असतं, जोर काढून पिळू नका.

चावी फक्त ऑनवर न्या आणि डॅशबोर्ड वाचा. बॅटरी, ऑइल, इंजिन, एबीएस, एअरबॅग, स्टीअरिंग यांचे दिवे लागायला हवेत. मग इंजिन सुरू करा. काही सेकंदांत ते विझायला हवेत. स्टीअरिंगचा किंवा एबीएसचा दिवा राहिला तर गाडी उभी असतानाच स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, थोडं अंतर चालवा; बऱ्याच गाड्यांत तो विझतो. एअरबॅगचा दिवा राहिला तर स्वतः काही करू नका.

इंजिन चालू असताना बॅटरीवर मल्टिमीटर लावा. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आलं, हेडलाइट आणि एसी लावल्यावरही 13 च्या वर टिकलं, तर अल्टरनेटर बहुधा वाचला. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला हा आकडा स्वतःच वरखाली करतात, म्हणून एकदाच बघून निकाल देऊ नका. पण 12 च्या आसपास येऊन उतरतच गेला, तर गाडी फक्त बॅटरीवर चालली आहे.

काचा आपोआप वर जात नसतील तर प्रत्येक काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरा. घड्याळ, रेडिओची स्टेशनं पुन्हा लावावी लागतील. काही म्युझिक सिस्टिम कोड मागतात, तो गाडीच्या कागदपत्रांत असतो.

त्याच जागचा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की तिसरा घालायचा नाही. कारण अजून आत आहे आणि ते फ्यूजने सुटणारं नाही. साध्या मोटार विम्यात असा विद्युत बिघाड सहसा धरत नाहीत, त्यामुळे उगाच प्रयोग वाढवले तर खर्च तुमच्याच खिशातून जातो.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी समृद्धी महामार्गावर नको. अल्टरनेटर अर्धवट गेला असेल तर ते तासा-दीड तासानंतर कळतं, आणि तोवर तुम्ही वर्ध्याच्या पुढे, सावलीही नसलेल्या जागी असता. फुटाळा तलावापर्यंत जाऊन या, रिंग रोडला एक चक्कर मारा, सगळे दिवे-वायपर-हॉर्न वापरून बघा. आणि त्या रात्री गाडी लावताना बॅटरीचा आकडा लिहून ठेवा. इंजिन बंद केल्यावर लगेच तो फसवा जास्त दिसतो, म्हणून तासाभराने मोजा. सकाळी पुन्हा मोजा. 12.6 चं 12.5 झालं असेल तर काही नाही. 12.6 चं 12.1 झालं असेल तर बहुधा एखादा डायोड अर्धवट जळलेला आहे आणि तो रात्रभर बॅटरी पितो आहे. अल्टरनेटर खोलायला द्या.